पहिली कुळे आणि त्यांच्या आधीची माणसे

बोरीवलीत आम्ही राहत होतो ती इमारत पाडून नवी बांधावयाचे ठरले, तेव्हा सोसायटीच्या सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी एक सूचना मांडली. नव्या इमारतीच्या प्रवेशदारापाशी मूळ चोवीस कुटुंबांची नावे संगमरवरी पाटीवर कोरावीत, अशी ती सूचना. ती एकमताने संमत झाली आणि मग बराच वेळ आठवणी निघत राहिल्या. पावसाळ्यात स्टेशनपर्यंतची वाट चिखलातून काढावी लागे, दिवे वारंवार जात, जिन्यात साप निघे. ‘तेव्हा इथे काहीच नव्हते,’ हे वाक्य त्या संध्याकाळी मी निदान पाच-सहा वेळा ऐकले. त्याच बोलण्यात आवारातल्या जुन्या विहिरीचाही उल्लेख येत होता. नळाला पाणी आले नाही की सगळे तिच्यावरच जात. काहीच नव्हते तेथे विहीर मात्र होती. ती कोणी खणली, हे सभेत कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

घरी आल्यावर जाणवले, की हे वाक्य आमच्या सोसायटीचे नाही. प्रथम वसाहत करणाऱ्या कुटुंबांचे इतिहास जगात जेथे जेथे लिहिले गेले, तेथे तेथे बहुधा त्यांचा आरंभ याच वाक्याने होतो. या वाक्याचे काम काय, ते कोणासाठी उच्चारले जाते आणि ते उच्चारल्याने कोण दिसेनासे होते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी आपल्या साष्टीतलाच एक ग्रंथ हाताशी आहे. पण आधी एक दूरचे उदाहरण पाहू, कारण तेथे हा प्रकार अगदी उघडपणे दिसतो.

अमेरिकेत ‘पायोनियर’ हा शब्द जवळजवळ पदवीसारखा वापरला जातो. कॅलिफोर्नियात ‘सोसायटी ऑफ कॅलिफोर्निया पायोनियर्स’ ही संस्था १८५० सालीच स्थापन झाली. १ जानेवारी १८५० पूर्वी तेथे पोहोचलेल्यांचे वंशज आजही तिचे सभासद होतात. म्हणजे माणसे येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच ‘आधी कोण आले’ याची वही उघडली गेली. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्या कुटुंबास १६० एकर मिळू लागले आणि अशा कुटुंबांच्या कथा हे त्या देशाचे आवडते वाङ्मय झाले. त्यांतील सर्वांत लोकप्रिय म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर यांची पुस्तके. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे पुस्तक १९३५ साली निघाले. त्यात वर्णन केलेले कॅन्सासमधील घर इंगल्स कुटुंबाने बांधले ते ओसेज लोकांच्या राखीव भूमीवर. १८६९ ते १८७१ च्या सुमाराची ही गोष्ट. पुस्तकाच्या आरंभी त्या प्रदेशात माणसे नव्हती, केवळ इंडियन राहत होते, अशा अर्थाचे विधान होते. सतरा वर्षे ते कोणाला खटकले नाही. १९५२ साली एका वाचकाने पत्र लिहून हरकत घेतली, तेव्हा प्रकाशकांच्या आणि खुद्द लेखिकेच्या ध्यानात ती चूक आली आणि १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ या शब्दाच्या जागी ‘वसाहतवाले’ हा शब्द घातला गेला. २०१८ साली अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या बालसाहित्य पुरस्काराला असलेले वाइल्डर यांचे नावही काढले.

येथे लेखिकेला खोटे ठरवण्याचे कारण नाही. त्या कुटुंबाची थंडी, ताप, भूक खरी होती. चूक आहे ती एका नामात. ‘माणूस’ हा शब्द कोणासाठी राखून ठेवला आहे, हे त्या एका वाक्यात कळते. वसाहतीच्या इतिहासात असे शब्द शोधावे लागतात, कारण तेच सर्वांत सहजपणे लिहिलेले असतात.

आता आपल्याकडे येऊ. उत्तर कोकणातील पहिल्या कुळांचा वृत्तांत सांगणारा आपला ग्रंथ म्हणजे ‘महिकावतीची बखर’. वि. का. राजवाडे यांनी तो १९२४ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. ही बखर एका हातची नव्हे. गद्य आणि पद्य, कथा आणि वंशावळ, वेगवेगळ्या काळांत रचलेली प्रकरणे तीत एकत्र बांधलेली आहेत. सर्वांत जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली रचला आणि शेवटची भर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. केळवे-माहीम आणि मुंबईचे माहीम यांच्याभोवती तिची कथा फिरते. शके १०६० मध्ये, म्हणजे ११३८ साली प्रतापबिंब नावाचा राजा या किनाऱ्यावर उतरला, त्याने देश ओसाड पाहिला आणि तो वसवण्यासाठी पैठण-चांपानेरकडून सहासष्ट कुळे आणली, असे ती सांगते. मुंबईच्या बेटाला ‘बरडबेट’ असे नाव होते, हेही तिच्यावरूनच सांगितले जाते. बरड म्हणजे नापीक, उजाड. म्हणजे वाक्य तेच : तेव्हा इथे काहीच नव्हते.

इतिहासकारांचे या बखरीशी कधीच पूर्ण जमले नाही. बखरीत बिंबाचे राज्य सुरू होते त्या काळात ठाण्यास शिलाहार राज्य करीत होते, असे शिलालेख सांगतात. बिंब हा देवगिरीच्या रामदेवरावाचा पुत्र, तो तेराव्या शतकाच्या अखेरीस आला, अशीही एक परंपरा आहे. तेव्हा बिंब एक की दोन, हा वाद जुनाच आहे. तो मिटवण्याची पात्रता माझ्यापाशी नाही आणि या लेखाला त्याची गरजही नाही. बखर हा पुरावा म्हणून वाचताना आपण नेहमी ‘हे घडले का’ असे विचारतो. ‘हे केव्हा आणि का लिहावेसे वाटले’ असे विचारले, तर तीच बखर अधिक बोलकी होते.

केशवाचार्य लिहीत होता तेव्हा बिंब येऊन, बखरीच्याच हिशेबाने, तीनशे वर्षे उलटून गेली होती. किनाऱ्यावर गुजरातच्या सुलतानांची सत्ता होती. बखर सांगते, की मालाडचा देसला नायकोराव याला देवीचा दृष्टांत झाला. लोक कुळाचार विसरले आहेत, महाराष्ट्रधर्म राखला पाहिजे, अशी आज्ञा झाली. म्हणून त्याने सभा भरवली आणि केशवाचार्याने कुळे, गोत्रे, वंश यांचा वृत्तांत सांगितला. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द या बखरीत आढळतो म्हणून तिचे नाव आपण वारंवार घेतो. पण ती सभा मालाडच्या देसल्याने भरवली होती, बोरीवलीपासून लोकलने काही मिनिटांच्या अंतरावर, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी असते.

या प्रसंगात एक गोष्ट महत्त्वाची आहे. पहिल्या कुळांची यादी पहिल्या दिवशी लिहिली जात नाही. ती लिहिली जाते ती आपले स्थान डळमळू लागले, आपण कोण हे सांगता येईनासे झाले, म्हणजे. नवा धनी आलेला असतो, वतने हलत असतात, मुले कुळाचार विसरत असतात. अशा वेळी माणूस मागे वळतो आणि म्हणतो : आम्ही येथे आधी आलो. आमच्या सोसायटीतही पाटीची कल्पना निघाली ती इमारत पाडण्याचा ठराव झाल्यावरच. चाळीस वर्षे ती कोणाला सुचली नव्हती. म्हणून वंशावळीकडे मी केवळ अहंकाराचे वाङ्मय म्हणून पाहू शकत नाही. तिच्या मुळाशी भय असते आणि ते भय खरे असते.

परंतु ‘आम्ही आधी आलो’ हे सिद्ध करावयाचे तर त्याआधीची भूमी रिकामी असावी लागते. तशी ती होती काय? बोरीवलीच्या परिघातच पाहू. पूर्वेला डोंगरात कान्हेरी आहे. तेथील ब्राह्मी लिपीतल्या, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील एका दानलेखात मंगलठाण या गावचे शेत भिक्षुसंघाला दिल्याचा उल्लेख येतो. हे मंगलठाण म्हणजे आपले मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. शेत दान देता येते, म्हणजे ते कोणी तरी कसत होते, त्याला बांध होता, त्याच्या उत्पन्नाचा अंदाज होता. बखरीतल्या ‘ओसाड’ भूमीत बिंबाच्या आगमनापूर्वी सुमारे हजार वर्षे नांगर चालत होता.

दुसरा साक्षीदार पश्चिमेला आहे. एकसर गावातले सहा वीरगळ १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने नोंदवले आहेत. त्यांतील मोठ्या शिळा सुमारे दहा फूट उंचीच्या. त्यांवर पट्टे पाडून युद्धाची दृश्ये कोरली आहेत : घोडे, हत्ती, आणि समुद्रावरच्या लढाईत वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका. वरच्या पट्ट्यांत मृत वीर शिवलिंगाची पूजा करताना दिसतात. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या संघर्षाशी अनेक अभ्यासक या शिळांचा संबंध जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीच्या ‘व्रतखंडा’तील राजप्रशस्ती सांगते. या शिळांवर वाचता येईल असे एकही नाव नाही. बखरीत नावे आहेत, चेहरे नाहीत. एकसरला चेहरे आहेत, नावे नाहीत. त्या नौकांतल्या वल्हेकऱ्यांचीही कुळे असणारच. ती कोणत्याही यादीत आली नाहीत, कारण यादी करणाऱ्याशी त्यांचे काही देणे-घेणे नव्हते.

राजवाड्यांविषयी येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यांच्या जातिवर्णविषयक मतांशी आज सहमत होणे कठीण आहे. काही व्युत्पत्ती तर केवळ बुद्धिविलास वाटतात. तरीही बखरीला प्रस्तावना लिहिताना ते बिंबापाशी थांबले नाहीत. या भूमीवरचे मानवी थर मोजताना ते कातकरी, वारली, ठाकर, कोळी यांच्यापर्यंत मागे गेले. ज्या ग्रंथाने भूमी ओसाड म्हटली, त्याच्याच संपादकाने तिच्यातली माणसे मोजावयास घेतली. संपादकाने ग्रंथावर प्रेम करावे, पण त्याच्या पहिल्या वाक्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे.

मराठी भाषेनेही येथे एक खूण ठेवलेली आहे. ‘कूळ’ या शब्दाचे दोन अर्थ आपण रोज वापरतो आणि ते एकमेकांशेजारी ठेवून पाहत नाही. कूळ म्हणजे वंश. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. पहिल्या अर्थाचे कूळ बखरीत येते, दुसऱ्या अर्थाचे कूळ कायद्यात. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन हे दुसऱ्या कुळांच्या इतिहासातील टप्पे होत. पेशवाईच्या दप्तरांत मिरासदार आणि उपरी असा भेद आढळतो : ज्याची जमीन वंशपरंपरेची तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. गंमत अशी, की पुरेसा काळ गेला आणि हाती कागद आला की उपरी मिरासदार होतो. आणि कागद नसला की आधीपासूनचा माणूस उपरा ठरतो. आधी कोण आले, यापेक्षा आधी कोणी लिहवून घेतले, यावर बरेच अवलंबून असते.

ज्यांची यादी मध्येच तुटली, अशांचेही उदाहरण बोरीवलीतच आहे. वसईचा प्रदेश १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे गेला. मंडपेश्वरच्या शैव लेण्यात सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो यांनी चर्च केले. ज्या कुटुंबांनी धर्म बदलला त्यांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. कोळी, कुणबी, पाचकळशी अशी जुनी ओळख कागदावरून गेली. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत वंश नव्याने सुरू झाला. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, पुढे साष्टी इंग्रजांकडे गेली. आणि १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी या समाजाने आपल्या संस्थेसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. कंपनीच्या नावावरून घेतलेले हे नाव धारण करणारा समाज घरात मराठीचीच बोली बोलतो आणि लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचे पाणी’ आणतो. केशवाचार्याने सभेत जे राखावयास सांगितले होते, त्यातील बरेचसे त्या बोलीत आणि त्या पाण्यात राहिले. आडनाव बदलले तरी विहीर बदलत नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि ज्यांची यादी कधी झालीच नाही, ते वारली. ‘वरल’ म्हणजे लागवडीचा लहानसा तुकडा, त्यावरून वारली, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती खरी असेल तर ज्यांना आपण रानातली माणसे म्हणतो त्यांचे नावच शेतावरून पडलेले आहे. डहाणू-तलासरीच्या वारल्यांविषयी गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली लिहिले. त्याच्या शीर्षकातला ‘माणूस’ हा शब्द, वाइल्डर यांच्या पुस्तकातील दुरुस्तीनंतर, मला वेगळ्याच वजनाने ऐकू येतो. अमेरिकन प्रकाशकांनी ‘माणसे’ हा शब्द काढून चूक सुधारली. परुळेकरांनी तो शब्द ज्यांचा होता त्यांच्यापाशी नेऊन ठेवला.

हा प्रश्न १९७० साली संपला नाही. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्यास सुरुवात झाली, तेव्हा उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवरही आपण आधीपासून येथे आहोत हे सिद्ध करण्याची पाळी आली. ज्यांच्यापाशी बखर नाही त्यांच्याकडे वंशावळ मागण्यासारखेच हे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही अडचण काही अंशी ओळखली. त्या कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी जंत्री आहे, तीत सरकारी कागदांबरोबर गावातील वृद्धांचे लेखी घेतलेले कथन आहे. विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने यांसारख्या जुन्या खुणाही आहेत. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने हा नियम एकदा वाचावा. नायकोरावाच्या सभेत जे घडले ते याहून फार वेगळे नव्हते : म्हाताऱ्यांनी सांगितले, एकाने लिहून घेतले आणि तो पुरावा झाला. फरक इतकाच, की तेव्हा सभा देसल्याने बोलावली होती.

अमेरिकेची आणि आपली तुलना फार ताणू नये, हेही खरे. तेथे सारे शंभर-दीडशे वर्षांत, कायदा आणि सैन्य यांच्या बळावर घडले. आपल्याकडे शतकानुशतके थरावर थर चढले, एकमेकांत मिसळले, आणि आज येथे कोणालाही निखळ ‘मूळचा’ म्हणणे अवघड आहे. बिंबाबरोबर आलेले म्हणवणारे पुढच्यांच्या दृष्टीने मूळचे झाले. १ फेब्रुवारी १९५७ रोजी बोरीवली मुंबईच्या हद्दीत आली, त्यानंतर आलेलो आम्ही आमच्या पुढच्यांना मूळचे वाटू लागलो. म्हणून भूमीचा खरा पुत्र कोण, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणारे बहुधा कोणाला तरी घालवून देण्याच्या तयारीत असतात.

प्रयत्न आहे तो वाचण्याची एक सवय सुचवण्याचा. वंशावळ वाचावी, आदराने वाचावी. ज्यांनी चिखल तुडवला त्यांचे श्रेय त्यांना द्यावे. पण ‘काहीच नव्हते’ हे वाक्य आले की तेथे थांबावे आणि त्याच ग्रंथात पुढे-मागे पाहावे. शेताचा बांध, एखादे गावाचे नाव, नौकेतला वल्हेकरी, असे काही ना काही सापडते. बखर लिहिणारा आपल्या कुळांची नावे देतो आणि नकळत इतरांच्या खुणाही ठेवून जातो. त्या वाचणे हे आपले काम आहे.

पाटीचा मजकूर ठरवण्यासाठी आमच्या सोसायटीची आणखी एक बैठक झाली. तीत मी विहिरीचा प्रश्न काढला. एका वृद्ध सभासदांनी सांगितले, की आम्ही राहावयास आलो तेव्हा पहिली काही वर्षे पलीकडच्या गावठाणातील एक बाई लग्नसराईत चार बायका घेऊन त्या विहिरीवर येत, पाणी भरत आणि जात. त्या कोण, कोठे गेल्या, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढे विहिरीवर जाळी बसली आणि त्या यायच्या थांबल्या. यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग चिटणीसांनी पाटीवरील चोवीस नावांच्या खाली एक ओळ वाढवून घेतली : ‘या जागी पूर्वीपासून एक विहीर होती.’ ती ओळ कोणाचेही नाव घेत नाही. पण निदान ‘काहीच नव्हते’ असे आता तेथे कोणाला म्हणता येणार नाही.